अबोलीचं बी

"काकी, आता महिनोभर एकय फूल खुडूचा नाय," मी म्हणालो आणि पडवीतली नवराबायको दोघंही माझ्याकडे बघतच राहिली. घरातली चूल महिनाभर पेटवू नका असं सांगितलं असतं तरी त्यांना इतका धक्का बसला नसता.

मी कणकवलीच्या एका नर्सरीत बावीस वर्षं कामाला आहे. रोपं तयार करायची आणि कुणाचं झाड आजारी पडलं की जाऊन बघायचं, हे माझं काम. सुशीलाकाकींचं घर तारकर्लीच्या अलीकडे. विहिरीमागे त्यांची अबोलीची अकरा झाडं होती. त्यातली आठ मी पोचलो तेव्हा उभी वाळलेली.

याला आम्ही 'मर' म्हणतो. मातीतली बुरशी मुळातून आत शिरते आणि झाडाच्या पाणी ओढायच्या नळ्या बंद करते. सकाळी झाड टवटवीत दिसतं, दुपारी मान टाकतं, आठवड्यात खेळ खलास. एकदा आत शिरल्यावर औषध मारणं म्हणजे आपलं समाधान.

आधी मी नेहमीचा उपाय केला. उरलेल्या तीन झाडांच्या फांद्या नर्सरीत नेऊन लावल्या. त्या बुडापासून काळ्या पडून कुजल्या. रोग आधीच आत होता.

नर्सरीचे मालक वैतागले. "अरे सदा, आपल्याकडे अबोली ढिगान आसा. चार कुंडये दी आणि मोकळो हो."

मालकांचं काही चुकत नव्हतं. मी चार कुंड्या नेऊन दिल्या. पुढच्या वेळी गेलो तर काकींनी त्या चारही कुंड्या आणि वर कोकम सरबताची बाटली माझ्या गाडीत ठेवली.

"रे, तुझी फुलां बरी आसत. पण हे तेंका हात लावणत नाय."

'हे' म्हणजे तात्या, काकींचे यजमान. तीस वर्षं मालवाहू जहाजावर खलाशी. लग्नानंतरच्या वर्षी मंगळूरच्या बंदरातून त्यांनी काडेपेटीत घालून हे अबोलीचं बी आणलं होतं. रंग नेहमीपेक्षा फिका, हळदीकडे झुकलेला. तात्या वर्षातून एकदा घरी यायचे. बाकीचे दिवस काकी ती फुलं माळून काढायच्या.

दोन वर्षांपूर्वी तात्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो तात्यांनी अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे भिरकावला. मग एका सकाळी काकींच्या ताटातली अबोली ओढून घेऊन ते केळीच्या सोपाच्या, म्हणजे वाळल्या सालीच्या, दोऱ्यात त्याच हाताने ती गुंफायला बसले. अबोलीचा गजरा, आमच्याकडे वळेसार म्हणतात, सुईने ओवत नाहीत, गाठी मारून बांधतात. जन्मभर दोरखंडाच्या गाठी मारलेली ती बोटं. पहिल्या दिवशी तीन फुलांना तास लागला. आता चहाच्या आधी पुरा वळेसार तयार व्हायचा. काकी खाली वाकायच्या आणि तात्या तो आपल्या हाताने त्यांच्या अंबाड्यावर बसवायचे.

"तेंचो हात ह्याच फुलार चलता," काकी म्हणाल्या.

हे ऐकल्यावर कुंड्यांचा विषय मी पुन्हा काढला नाही.

एकच वाट उरली होती, बी. रोग मातीत आणि मुळात. बी घेऊन नव्या मातीत पेरलं तर वंश वाचण्याची आशा होती. पण फूल रोज खुडलं की बी धरायला सवडच मिळत नाही. इतकी वर्षं या घरात अबोलीला बी धरूच दिलं नव्हतं. म्हणून महिनाभर फुलं झाडावरच ठेवायची होती, आणि तिन्ही झाडं मरायच्या आत.

"आणि हेंनी सकाळी काय करूचा?" काकींनी विचारलं.

तात्यांना शब्द सावकाश सुचतात. ते विहिरीकडे बघत म्हणाले, "रवतलंय मी."

म्हणजे थांबेन. झालं.

त्या महिन्यात काकींचे दोन-तीन फोन आले. झाडांबद्दल एक वाक्य, बाकी सगळं तात्यांबद्दल. "सकाळी दोरो घेवन बसतत. मांडयेर ठेवतत. मगे तसोच गुंडाळून ठेवतत." असं काही ऐकलं की मला आपण फार हुशारी केली असं वाटेनासं व्हायचं.

तिसऱ्या आठवड्यात चक्कर मारली. एक झाड गेलं होतं. उरलेल्या दोन्हींवर काकींनी जुन्या छत्र्या उघडून बांधल्या होत्या. दिवाळी होऊन गेलेली, पावसाचं नाव नाही.

"काकी, झाडांका सर्दी होतली काय?" मी थट्टा केली.

"दव पडता मरे," त्या म्हणाल्या. मी हसलो आणि पुढे विचारलं नाही. तिथेच चुकलो.

महिना भरला. फुलांची कणसं तपकिरी झाली, त्यांतली बियांची बोंडं कडक वाळली. मी ती कणसं हलक्या हाताने कापून खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात आणली. अंगण नुकतंच सारवलेलं. कणसांवर पिठ्या ढेकणांची पांढरी कीड आणि माती होती. आम्हाला शिकवलेलं की माल आधी स्वच्छ करून घ्यावा. मी बादलीतलं पाणी तांब्याने कणसांवर ओतलं.

क्षणभर काही नाही. मग टक. टक टक. आणि तडतड सुरू झाली. बोंडं फुटत होती आणि बिया उडून खळाभर पसरत होत्या. माझ्या कपाळावर दोन बसल्या.

"मेल्या, काय केलंस ह्या!" काकी आतून धावत आल्या. "अबोलेक पाणी लागला की बोंडा फुटतत, ह्या तुका ठावक नाय?"

खरंच ठाऊक नव्हतं. बावीस वर्षं अबोली फांदीनेच वाढवली. तिचं बी मी कधी काढलंच नव्हतं. छत्र्या कशासाठी होत्या ते आत्ता कळलं. काकी तर कणसं पातेल्यात ठेवून, वर फडकं झाकून पाण्याचा हबका मारणार होत्या. त्यांच्या आईची पद्धत.

काकी पायरीवर बसल्या आणि डोळ्याला पदर लावला. "महिनोभर हेंनी कळ काढली रे."

मला जमिनीत जावंसं वाटलं.

तेवढ्यात पडवीत खुर्ची करकरली. तात्या काठी टेकत, भिंत धरत खाली आले आणि खळ्यात मांडी घालून बसले. उजवा हात पुढे करून त्यांनी एक बी उचलायचा प्रयत्न केला. ती निघेना. ओल्या झाल्या की या बिया बुळबुळीत होतात आणि जमिनीला घट्ट चिकटतात. तात्यांनी नख घालून शेणाच्या पापुद्र्यासकट ती उपटली.

"ताट," ते काकींना म्हणाले.

जेवणवेळेपर्यंत आम्ही तिघं खळ्यात रांगत होतो. एकसष्ट बिया मिळाल्या. त्यातल्या तेवीस तात्यांनी उचलल्या, उजव्या हाताने. काकी मध्येच मला शिव्या घालत होत्या, मध्येच हातातलं ताट खाली ठेवून तात्यांच्या बोटांकडे बघत होत्या.

ओलं झालेलं बी साठवता येत नाही. त्याच दुपारी पेरायला हवं होतं. मासळीचा थर्माकोलचा रिकामा खोका शेजारून आणला, खाली भोकं पाडली. दुसरीकडून आणलेल्या मातीत वाळू मिसळली, रोग नको म्हणून उकळतं पाणी ओतलं, थंड झाल्यावर बिया पेरल्या. खोका विहिरीकडे न ठेवता पडवीत तात्यांच्या खुर्चीजवळ ठेवला.

सतराव्या दिवशी फोन. "रुजली रे सदा! रुजली!"

सोळा रोपं आली. तोवर जुनी दोन्ही झाडं गेली होती. मी रोपं नर्सरीत नेऊन वाढवतो म्हणालो, पण तात्यांनी खोक्यावर हात ठेवला. मीही आग्रह केला नाही. बादलीचा प्रसंग सगळ्यांच्याच लक्षात होता.

मे महिन्यात काकींनी बोलावलं. कुंड्यांमध्ये पहिली फुलं आली होती, तोच फिका रंग. मोजून नऊ. काकी ताट घेऊन उभ्या आणि तात्या हाताने नको नको करत होते.

"आधी... बी धरूक दे," तात्या म्हणाले.

"बी धरतला मगे! सोळा झाडां आसत. माका आज वळेसार होयो. सहा महिने माझो अंबाडो रिकामो आसा, तेचा काय?"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. तज्ज्ञ म्हणून माझं मत हवं होतं. मी म्हटलं, "तात्या, खुडा."

नऊ फुलांचा वळेसार तो केवढा असणार. पण तात्यांनी प्रत्येक गाठ ओढून बघितली. काकी वाकल्या. हात दोनदा चुकला, तिसऱ्यांदा वळेसार बसला. काकी बराच वेळ मान वर करेनात. मी उगाचच कुंड्यांची माती चाचपत राहिलो.

आता कुणाला बियांसाठी फुलं राखायला सांगायचं झालं, की मी आधी विचारतो, ही रोज माळतं कोण. आणि छत्री दिसली की हसत नाही.