गव्हाला दिलेली शेगडी

बाई आल्या की आधी कुंड्यांकडे जायच्या. गव्हाच्या पात्याला बोट लावून विचारायच्या, "काय गा, थिजला का?" मग मला, "भाऊ, चहा."

नागपूरच्या एका कॉलेजात बाई वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, मी त्यांच्या प्रयोगशाळेचा शिपाई होतो. शाळा चौथीपर्यंत. पण बाईंनी शिकवलेलं आजही पाठ आहे, विचारून पाहा!

एका हिवाळ्यात त्यांनी गच्चीवर दोन बाटल्या ठेवल्या. एकीत तूप, एकीत जवसाचं तेल. सकाळी तूप दगड, तेल मात्र वाहतं.

"पेशीभोवती चरबीचं पातळ पांघरूण असते, भाऊ. ते थिजलं की आतबाहेर सारं बंद. म्हणून थंडी वाढली की पेशी आपली चरबीच बदलते. तुपासारखी कमी, जवसासारखी जास्त."

"एवढ्याशा रोपाले हे कोण शिकवते?"

"तेच तर शोधून राहिली मी!"

पंधरा दिवस गव्हाचे ट्रे गच्चीवर थंडी खात होते. सोमवारी बर्फ-मिठाच्या पेटीत ठेवायचे. तिथं जगले, तर बाईंचं खरं. पण शनिवारी असा गारठा पडला की मला रोपांची दया आली. न विचारता ट्रे आत आणले, शेगडीजवळ ठेवले. रविवारीही येऊन कोळसे घातले. सोमवारी बाई यायच्या आत पुन्हा गच्चीवर.

पेटीतून रोपं निघाली ती उकडलेल्या पालकासारखी.

बाई स्टुलावर बसल्या. "माझंच चुकलं, भाऊ. फेका ते."

मी बायकोपुढेही कधी चूक कबूल केली नाही. तिथं केली. "बाई, म्या शेगडी दिली त्याईले. दोन दिवस."

वाटलं, गेली नोकरी. बाई तर उभ्याच राहिल्या! "काय म्हणता! म्हणजे उबेत दोन दिवसांत विसरले? पुन्हा तूप झाले? भाऊ, पुन्हा पेरा!"

पुन्हा पेरलं. पुन्हा पंधरा दिवस थंडी. मग अर्धे ट्रे गच्चीवरच, अर्धे शेगडीजवळ, या वेळी हुकमानं. सगळे पेटीत घातले, काढले, एक दिवस थांबलो. शेगडीचे आडवे. गच्चीचे ताठ, हिरवेगार!

बाई आता नाहीत. लोक त्यांचे छापलेले कागद दाखवतात. मला बाई दिसतात त्या सकाळच्या, कॉलेजच्या फाटकाशी, अंबाडा सुटलेला, दोन्ही हातांत ट्रे, ओरडताहेत, "जगले! जगले!" दूधवाला घाबरून सायकलवरून उतरलाय, विचारतोय, "कोण जगलं, बाई?" आणि बाईंना हसू आवरत नाही, म्हणून सांगताच येत नाही.