सुरैयाबाई

हृदयविकाराच्या दहा वर्षांच्या अभ्यासात नाव घातलेली माणसं टिकवून धरायची, हे विजयाचं काम. ती मूळची साताऱ्याची, नवरा हवाई दलात, बिऱ्हाड लखनौच्या सरोजिनी नगरला. दर सहा महिन्यांनी ती घरोघरी जाई, रक्तदाब मोजी, रक्त घेई. माणसं सुईला कंटाळत, विजयाला नाही. त्यांतल्या सुरैया आपा तर तिच्या हक्काच्या. सहा वर्षं त्यांनी एकही खेप चुकवली नव्हती.

त्या नोव्हेंबरात घोळ झाला. आपांकडे लेकीच्या सासरची मंडळी आली होती. चारचौघांत मान द्यावा म्हणून विजया म्हणाली, "सुरैयाबाई, ज़रा हाथ दीजिए."

साताऱ्यात शाळेतल्या मास्तरीणबाईंना लावतात तोच हा 'बाई' शब्द. लखनौत तो कोठ्यावर नाचणारीच्या नावामागे लागतो. कुणीतरी खुदकन हसलं. आपांनी बाही खाली ओढली. "अब मत आइएगा."

ऑफिसने शिवांगीला पाठवलं. बँकवाल्या मराठी घरातली, पण लखनौतच वाढलेली पोर. मराठी समजे, बोले हिंदी. तिलाही आपांनी दारातून परत पाठवावं, असं विजयाला आतून वाटत राहिलं. आपा गळाल्या तर सहा वर्षांची मेहनत मातीत, हे ठाऊक असूनही.

शिवांगी रक्ताची नळी घेऊनच परतली.

"काय म्हणाल्या?"

"मैंने समझाया ताई, मराठी में बाई मतलब मैडम. बहुत हँसीं. फिर कबाब खिलाए."

विजयाच्या वाट्याला आजवर चहा-बिस्किट. मी मांस खात नाही, हे पहिल्याच दिवशी तिनेच सांगितलं होतं. तरी ते कबाब तिला बोचले.

"माझं काही विचारलं?"

"हाँ. बोलीं, अगली बार बाई को ही भेजना. तुम्हारी सुई चुभती है."

हे ऐकून विजयाचा चेहरा उजळला, आणि तो शिवांगीला दिसू नये म्हणून ती कपाटाकडे वळली.

मे महिन्यात ती गेली. आपा दारातच म्हणाल्या, "आओ, बाई." दोघी हसल्या. आपांनी हात पुढे केला आणि विजयाच्या खांद्यावरून गल्लीत पाहिलं.

"वो बच्ची नहीं आई?"

"नहीं."

विजयाने दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा जरा जास्तच आवळला. आपांनी तोंड वाकडं केलं, तेव्हा तो तिने सैल केला. आकडा चुकला असता.