पाठ असलेला नाच

इथे परदेशात, ईस्ट टामाकी या उपनगरात, आमच्या शेजारी आपल्या मुलीकडे राहायला आलेल्या त्या गृहस्थांना सगळे आजोबाच म्हणायचे. नाव मी कधी विचारलं नाही. पुण्यात ते थिएटरात सिनेमाचं मशीन चालवत. तिथे अनेकदा दाखवलेला, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला एक संगीतपट ते इथल्या लायब्ररीतून पुन्हा पुन्हा आणत. त्यात नायिका स्केट्स घालून बर्फावर नाचायची. आजोबा बोट वर करून सांगत, "आता बघा, डावा पाय." लगेच पडद्यावर तिचा डावा पाय उचलला जायचा.

एका शनिवारी मी त्यांना आणि त्यांच्या आठ वर्षांच्या नातीला आइस रिंकवर नेलं. नात कठडा सोडेना. "आय कान्ट, आजोबा," ती रडवेली होऊन म्हणाली.

आजोबांनी काउंटरवरून आपल्या मापाचे स्केट्स आणले.

"आजोबा, पडाल," मी म्हटलं.

"पडलो तर उठेन. नाच मला पाठ आहे."

ते शांतपणे बर्फावर उतरले आणि चौथ्या पावलाला पडले. उठले, पुन्हा पडले. मी घाबरून कठड्याकडे धावलो. पण नात माझ्याआधी कठडा सोडून, धडपडत त्यांच्यापर्यंत पोचली होती.