खोकला नसलेला माणूस

शहरातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं होतं, आणि उरलेल्या निम्म्यांना "तुम्ही बसने जा, सगळ्यांचंच भलं होईल" असं तोंडावर सांगून परत पाठवलं होतं. त्यामुळे त्यांना ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण. सगळे त्यांना ब्रेकमास्तर म्हणत. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. त्या ब्रेकवर पाय ठेवून त्यांचं अख्खं आयुष्य गेलं होतं, आणि दुसरे लोक नाकासमोर चालतात तसे मास्तर नाकासमोर गाडी चालवत.

नियम म्हणजे नियम. त्यात जवळचा-लांबचा नाही. पोटच्या मुलीला त्यांनी लायसन्सच्या परीक्षेला बसू दिलं नव्हतं, कारण पहाटेच्या सुनसान चौकात तिने थांबायच्या रेषेवर गाडी पुरती न थांबवता नुसती हळू केली होती.

"अहो बाबा, रस्ता मोकळा होता! कुत्रंसुद्धा नव्हतं!"

"मोकळ्या रस्त्यावरच माणूस कळतो," मास्तर म्हणाले होते. मुलगी पुढे लग्न करून दुसऱ्या देशात गेली आणि तिथे पहिल्याच फटक्यात लायसन्स मिळवून मोकळी झाली. तेव्हापासून त्या देशाच्या वाहतुकीबद्दल मास्तरांचं मत चांगलं नव्हतं.

अशा माणसाच्या गाडीत साथीच्या दिवसांत एक फुलवाली बाई शिकायला येत होती. बाई धीट होती, पण वळण आलं की घाबरून मोठमोठ्याने गायची. तिचं गाणं ऐकून रस्त्यावरचे लोक वळून बघतात म्हणून मास्तरांनी काचा वर करून घेतल्या होत्या. आठवडाभर त्या बंद डब्यात ती गात होती आणि मास्तर ब्रेक दाबत होते. मग एका सकाळी तिचा फोन आला.

"मास्तर, मला ताप आला होता. टेस्ट केली. पॉझिटिव्ह आहे. तुम्ही सांभाळा हं."

मास्तर खुर्चीत बसले ते बसलेच. मग उठून, कोणी न सांगता, मागच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. नियमच तसा होता: बाधिताच्या संपर्कात आलेल्याने घरात वेगळं राहायचं, आणि त्याच्या घरातल्यांनीही बाहेर पडायचं नाही. बायको दाराबाहेर स्टुलावर ताट ठेवायची आणि मागे सरून सांगायची, "वाढलंय हो!" मास्तर दिवसातून अनेकदा ताप बघत. ताप नव्हता. घसा ठणठणीत. भूक तर अशी, की दुसऱ्या दिवसापासून बायको बाहेरून विचारू लागली, "अहो, नक्की आजारी पडायची शक्यता आहे ना?"

इथवर सगळं ठीक होतं. सांगितलेल्या जागी निमूट बसून राहणं मास्तरांना जन्मजात जमत होतं. पण त्याच आठवड्यात ताई न्हाणीघरात घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं.

ताई म्हणजे थोरली बहीण. पोस्टात खिडकीवर बसून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, एकटी राहणारी आणि अख्ख्या जगात मास्तरांना 'छोट्या' म्हणायचा अधिकार असलेली एकमेव बाई. आई गेली तेव्हा मास्तरांना नीट बूट घालता येत नव्हते. आईचं ऑपरेशन अगदी किरकोळ होतं म्हणे. दोन दारांमधून तिला आत नेलं, ताई छोट्याला मांडीवर घेऊन बाहेर बसली, आणि आई काही बाहेर आली नाही. त्या दिवसापासून ताईला इस्पितळाच्या दारांची धास्ती होती. पुढे तिने छोट्याला वाढवलं, शिकवलं, वेळेला बडवलंही. पण स्वतःचं दुखणं मात्र घरच्या घरी गिळत आली.

आता गिळून भागणार नव्हतं. शेजाऱ्यांनी तिला उचलून इस्पितळात नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन तातडीने करायला हवं. या वयात माणूस आडवा पडून राहिला की हाड राहतं बाजूला आणि छाती भरते. ताईने शांतपणे ऐकून घेतलं आणि संमतीच्या कागदावर सही करायला नकार दिला.

"दाराबाहेर माझं माणूस बसलं असेल तर आत जाईन," ती म्हणाली. "नाहीतर राहू दे मोडलेलं. जोड करून तरी कुठे नाचायचंय मला?"

माझं माणूस म्हणजे छोट्या. भावजयीचं नाव कोणीतरी सुचवून पाहिलं, तर ताई म्हणाली, "ती बाहेर बसली असेल तर मी शुद्धीवर यायची घाई कशाला करू?"

मास्तरांनी इस्पितळात फोन केला. तिथली बाई अतिशय सौजन्याने बोलली. रुग्णाबरोबर एकाला थांबता येईल. बाधिताच्या संपर्कात आला असाल तर निगेटिव्ह रिपोर्ट आणा, लगेच आत सोडू. मास्तरांना बरं वाटलं. नियम होता, स्वच्छ होता आणि पाळण्याजोगा होता. त्यांनी टेस्टच्या हेल्पलाइनला फोन लावला.

"खोकला आहे?"

"नाही."

"ताप?"

"अजिबात नाही."

"वास येतो?"

"येतो. आत्ता बायकोने कांदा करपवलाय."

"मग तुमची टेस्ट होणार नाही. किट कमी आहेत. लक्षणं असलेल्यांचीच करतोय."

"पण लक्षणं नसताना लागण होऊ शकते ना?"

"होते की. खूप जणांना होते."

"मग ती कळते कशी?"

"टेस्ट केल्यावर," पलीकडचा माणूस म्हणाला.

मास्तरांना वाटलं, तो काय बोलला ते आता त्याच्याच ध्यानात येईल. त्याला वाटत होतं, मास्तरांच्या ध्यानात येईल. शेवटी तो म्हणाला, "लक्षणं दिसली की जरूर फोन करा. आपला दिवस चांगला जावो."

मास्तरांनी आ वासून फोनकडे पाहिलं. मग एका खाजगी लॅबला विचारलं. त्यांनी डॉक्टरची चिठ्ठी मागितली. डॉक्टरने विचारलं, "होतंय काय तुम्हाला?" काही होत नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मग चिठ्ठीवर लिहू काय? प्रकृती उत्तम?"

शेवटी मास्तर स्वतः गाडी काढून निघाले. टेस्टसाठी बाहेर पडायला परवानगी होती. खेळाच्या मैदानाच्या वाहनतळावर तंबू टाकून, गाडीतल्या गाडीत काचेतून टेस्ट करायची सोय केली होती. गाड्यांची रांग लागलेली. दोन गाड्यांमध्ये सोडायचं अंतर एकानेही सोडलेलं नव्हतं, आणि त्यातले तिघे तरी आपलेच विद्यार्थी आहेत हे पाहून मास्तरांचा जीव कासावीस झाला. पुढच्या गाडीतला तरुण मोबाइलवर काहीतरी बघत खदखदून हसत होता. तंबू जवळ आला तसा त्याने मोबाइल खाली ठेवला, काच उतरवली आणि असा काही खोकला, की मास्तरांचा हात आपसूक आपल्या काचेच्या बटणावर गेला. त्याला ताबडतोब आत सोडलं.

मास्तरांची पाळी आली. पहारेकरी खिडकीशी वाकला आणि खुशीत म्हणाला, "मास्तर! ओळखलं का? तुम्ही मला बसने जायला सांगितलं होतं." मग गंभीर होऊन त्याने विचारलं, "काय होतंय?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"संपर्कात आलोय. बहिणीच्या ऑपरेशनसाठी रिपोर्ट हवाय."

पहारेकऱ्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मास्तर, थोडंसं खोका की. एकदाच. मी बघतो दुसरीकडे."

मास्तरांचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. ज्याला रांग राखायला ठेवलंय तोच हे सांगत होता, आणि तेही अगदी आपुलकीने. त्यांनी गाडी वळवली. वळताना इंडिकेटर दिला.

घरी बायकोने दाराबाहेरूनच पंचनामा ऐकला. "एवढा मोठा गाडीवाला माणूस, आणि एक खोकला काढता आला नाही? द्या इकडे फोन, मी खोकते तुमच्या वतीने."

मुलीचा व्हिडिओ कॉल आला. "बाबा, सगळे सांगतात खोटं. इथेही सांगतात. कुणाचं काय वाकडं होणार आहे?"

"किट कमी आहेत. कोणा खरोखरच्या आजाऱ्याचं मी घ्यायचं?"

"आणि आत्या? ती काय खोटीखोटी पडलीय?"

मास्तरांनी मुलीचा कॉल बंद केला आणि ताईला व्हिडिओ कॉल लावला. नर्सने मोबाइल तिच्यासमोर धरला. दोन दिवसांत चेहरा एवढासा झाला होता. पोस्टाच्या खिडकीतून रांगेतल्या शेवटच्या माणसाला दरडावणारा तिचा आवाज आता मोबाइलच्याही बाहेर येत नव्हता.

"छोट्या, येतोयस ना?"

"येतो, ताई. रिपोर्टचं तेवढं..."

"बरं. मी कुठे पळून जातेय?" ती म्हणाली आणि दम लागून थांबली. नर्सने मोबाइल स्वतःकडे वळवला आणि हळूच सांगितलं, "काका, श्वास जड होतोय. डॉक्टर म्हणतात, उद्याच्या पलीकडे नको."

मास्तरांनी फोन ठेवला. मग हेल्पलाइनचा नंबर लावला.

"खोकला आहे?"

"आहे," मास्तर म्हणाले.

त्यांना वाटलं होतं, आवाज फुटेल, जीभ अडखळेल, पलीकडचा माणूस म्हणेल, काय मास्तर, या वयात? पण या वेळी फोनवर एक बाई होती आणि तिने फक्त विचारलं, "कधीपासून?"

"आज सकाळपासून."

"तासाभरात या. काळजी घ्या हं, काका."

मास्तर सुन्न झाले. सकाळपासून ते जिथे तिथे खरं बोलत होते आणि प्रत्येकाने त्यांची उलटतपासणी घेतली होती. खोट्याला कोणी दुसरा प्रश्नही विचारला नाही. उलट काळजी घ्यायला सांगितलं. आयुष्यभर आपण लोकांना कुठला रस्ता शिकवत होतो, असं काहीतरी त्यांच्या मनात येऊन गेलं, पण तासाभरात पोचायचं होतं.

नाकात काडी गेली, डोळ्यांत पाणी आलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला. निगेटिव्ह. बायकोने दाराबाहेर टाळी वाजवली. मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट चढवला, बूट घातले आणि निघतोय म्हणून कळवायला इस्पितळात फोन केला. तीच सौजन्यशील बाई होती. तिने नंबर घेतला, संगणकात पाहिलं आणि म्हणाली, "अरेरे."

"काय झालं? निगेटिव्ह आहे ना?"

"निगेटिव्ह आहे. पण इथे लक्षणांत खोकला दिसतोय. खोकला असलेल्याला आम्ही आत घेत नाही, काका. रिपोर्ट काही का येईना."

"अहो, मला खोकला नाहीये."

"इथे तसं लिहिलंय."

"ते मी खोटं सांगितलं होतं! टेस्ट करत नव्हते म्हणून!"

"काका," बाई समजुतीने म्हणाली, "आत यायचं असलं की सगळे हेच सांगतात."

अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा मास्तर खोटं बोलले होते ते खरं ठरलं होतं, आणि त्यानंतर पहिल्यांदा खरं बोलले ते खोटं. ते बूट घालून पलंगावर बसून राहिले. बायकोने बाहेरून दोनदा हाक मारली. तिला काय सांगावं तेच कळेना. पण ताईला सांगणं भाग होतं.

"ताई, मला येता येत नाही," त्यांनी एका दमात सांगून टाकलं. "मी खोटं बोललो. खोकला आहे म्हणालो. आता ते म्हणतात, खोकला आहे तर येऊ नका."



"तू?" ताई म्हणाली. "तू खोटं बोललास? छोट्या?"

"हो."

"सरकारी माणसाशी?"

"हो, ताई."

"आणि त्यांनी मानलं?"

"लगेच."

मग एक चमत्कारिक आवाज आला. मास्तर घाबरले. श्वास अडकला की काय! पण ताई हसत होती. हसताना पाय हलत होता, पाय हलला की "आई गं" म्हणत होती, आणि पुन्हा हसत होती. "लहानपणी दुसऱ्याची पेन्सिल सापडली तर शाळेच्या शिपायाला उठवून देणारा तू... आई गं... माझ्यासाठी खोकलास?"

"नुसतं सांगितलं. खोकलो नाही."

"तेच ते." हळूहळू हसू ओसरलं. मग तिचा पोस्टाच्या खिडकीतला आवाज थोडासा परत आला. "सिस्टर, आणा तो कागद. माझ्या भावाने एवढं केलंय, मी काय नुसती पडून राहू? छोट्या, फोन ठेवू नकोस."

तिला आत नेईपर्यंत नर्सने मोबाइल तिच्या कानाशी धरला. चाकं घरघरत होती. भूल देणारा डॉक्टर काहीतरी विचारत होता. ताईचा आवाज जड व्हायला लागला होता आणि मधली वर्षं तिच्यापासून निसटत चालली होती.

"छोट्या," ती म्हणाली, "बाहेर बसलायस ना?"

मास्तर मागच्या खोलीत पलंगावर होते. दार किलकिलं करून बायको आत डोकावत होती.

"बसलोय, ताई," ते म्हणाले. "दारासमोरच. बाकावर."

"बाक कसाय?"

"कडक आहे," मास्तर म्हणाले. "एक पाय डुगडुगतोय. पण मला काही त्रास नाही. तू ये निवांत."

बायको आ वासून त्यांच्याकडे बघत राहिली.