मडक्यावरचा वीर

नव्वदच्या दशकात नाशिकरोडला आमच्या शेजारी चित्रकलेच्या निवृत्त बाई राहायच्या. त्यांच्या नखांत कायम माती असायची. जुन्या ग्रीक मडक्यांवर असतो तसा, सिंहाशी झुंजणारा काळा वीर त्यांना लाल मडक्यावर उतरवायचा होता, तोही नुसता मातीचा लेप देऊन भट्टीच्या धुरात भाजून. दर वेळी मडकं तडकायचं, नाहीतर वीर तपकिरी निघायचा.

मी म्हणायचो, "बाई, ऑइलपेंट लावा की!"

"छे! मग जिंकलं कोण? तो वीर की रंगाचा डबा?"

एका सकाळी अंगणातली भट्टी उघडून त्या ओरडल्या, "आला! आला!" गरम मडकं गोणपाटात धरून बाई अनवाणीच गल्लीत धावल्या. वीर काळाभोर चमकत होता, सिंहाची मान त्याच्या काखेत होती.

दूधवाल्याने सायकल थांबवली. "कोण हाय हा, बाई?"

बाई ताठ उभ्या राहिल्या. "हा? हा माझा!"