उगवतीकडे पाय

१२ फेब्रुवारी १९९६. दुपारी तीन वाजता जेवणाच्या टेबलावर आमच्या धुळ्याच्या दफनभूमीचा नकाशा पसरून मी उद्यासाठी एक जागा शोधत होते. मी शाळेत गणित शिकवते आणि ख्रिस्ती मंडळीच्या पंच कमिटीची सेक्रेटरी आहे, म्हणून हे काम माझ्याकडे. सकाळी यशवंतनाना वारले होते. एकवीस वर्षं या जागेतल्या सगळ्या कबरी त्यांनी खणल्या, आणि आता त्यांच्यासाठी खणायला नकाशावर सात फूट जागा सापडत नव्हती.

नानांना मी पहिल्यांदा पाहिलं ते खड्ड्यात. माझी आई गेली होती, आणि जागा बघायला मी पुढे आले होते. नव्या खड्ड्यात डोकावले, तर आत एक माणूस उताणा पडलेला, छातीवर टोपी, डोळे उघडे. मी ओरडलेच.

"मरेल नही बाई," खालून आवाज आला. "मोजी ऱ्हायनू."

नाना प्रत्येक खड्डा असा झोपून मोजायचे. पाय पूर्वेला आहेत ना, खांद्याला माती घासत नाही ना, ते बघायचे. शवपेटीला टेप लावली की पुरे, असं मी म्हटलं तर म्हणाले, "लोके झोपाले खड्डा खंदतस. मी उठाले खंदस." शेवटच्या दिवशी हाक आली की माणूस उठून बसेल आणि तोंड उगवतीकडे असेल, हे आमच्याकडे सगळेच मानतात. पण उठायला अडचण होईल म्हणून कोपऱ्यातला दगड उकरून काढणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

नाना साक्रीच्या वरच्या अंगाचे, डोंगराखालच्या गावचे. विशीत बाप्तिस्मा घेऊन धुळ्याला आले. त्यांची आई त्याआधीच गेली होती. एका उपदेशकानं त्यांना सांगितलं की आईचं तारण आता होणं नाही. ते नानांनी कधी मान्य केलं नाही. कोणी विषय काढला की कुदळीवर हनुवटी टेकून म्हणायचे, "मनी मायले कोनी सांगंच नही. इचारंबी नही. मंग ती कशी काय बुडनी? देव बठ्ठासले उठाडी. नीट समजाडी. मंग इचारी." बठ्ठासले म्हणजे सगळ्यांना. त्यात त्यांची आई, साक्रीच्या डोंगरातली माणसं, बाजारातले लोक, सगळे आले. आम्ही हसून सोडून द्यायचो. कबरी खणणाऱ्या माणसाच्या धर्मज्ञानाची तपासणी कोण करतं?

त्यांचा एकुलता मुलगा शमुवेल माझ्याच वर्गात होता. चांगला पोरगा, गणितात दगड. मॅट्रिकला दोनदा नापास, तिसऱ्यांदा ऑक्टोबरला बसला आणि पस्तीस मार्कांनी सुटला. नाना पेढे घेऊन आले होते. पुढे तो ट्रकवर लागला. १९८३ साली आग्रा रोडच्या ट्रक अड्ड्यावर, आधी माल कोण भरणार यावरून भांडण झालं आणि दिलीप नावाच्या दुसऱ्या ड्रायव्हरनं जॅकचा दांडा त्याच्या डोक्यात घातला. शमुवेल जागीच गेला. तेवीस वर्षांचा होता. दिलीपला जन्मठेप झाली.

मुलाचा खड्डा नानांनीच खणला. त्यात उतरून झोपले आणि बराच वेळ वर आले नाहीत. शेवटी मी हाक मारली. वर आल्यावर त्यांनी एवढंच मागितलं की शेजारची जागा त्यांच्यासाठी ठेवावी. मी नकाशावर तिथे चौकोन काढला आणि आत लिहिलं, 'राखीव, यशवंतनाना'.

१९९४ च्या जूनमध्ये मी कुंपणाचं काम बघायला गेले. शमुवेलच्या शेजारी, त्या राखीव जागेवर, ताज्या मातीचा उंचवटा. नाना गेले आणि मला कोणी कळवलंसुद्धा नाही? तेवढ्यात नाना नळावरून पाण्याची बादली घेऊन आले.

"नाना! मग इथे कोण आहे?"

"दिलीप."

"कोण दिलीप?" मला कळलं होतं, तरी विचारलं.

"तोच."

दिलीप महिनाभरापूर्वी सुटला होता. टीबीनं पोखरलेला म्हणून मुदतीआधीच सोडलेला, घरच्यांनी दार न उघडलेला. सरकारी दवाखान्यात मेला. प्रेत न्यायला कोणी आलं नाही, तेव्हा नाना गेले, सही केली, हातगाडीवर घालून आणलं. बाप्तिस्मा नाही, मंडळीचा माणूस नाही, पाळकांना विचारलं नाही. आणि ठेवला कुठे, तर ज्याला मारलं त्याच्या शेजारी. मी नानांवर इतकी ओरडले की रस्त्यावरचे दोघे कुंपणापाशी येऊन उभे राहिले.

"त्यानं माफी तरी मागितली का तुमची?"

"नही." नाना बादली खाली ठेवून उकिडवे बसले. "मी दवाखानामा रोज जाऊ. एक दिवस म्हने, नाना, तुम्ले काय मांगू? ज्याले मारं त्याले मांगनं पडी." मातीकडे बोट करून म्हणाले, "मंग मी त्याले आठेच ठेवं. उठतीन तव्हय पहिले एकमेकले देखतीन."

"आणि शमुवेलनं नाही म्हटलं तर?"

"ते त्या दोन्हीस्नं. मी मधमा कसाले पडू?"

"मग तुम्ही कुठे जाणार? ही जागा तुमची होती."

"मले कोठेबी टाका. पाय तेवढा उगवतीले ठेवा."

रविवारी पंच कमिटी बसली. पाळकसाहेब वाईट माणूस नव्हते. शमुवेलच्या अंत्यविधीला ते रडले होते, आणि म्हणूनच जास्त हादरले होते. "नाना, संधी या जन्मात," ते म्हणाले. "मेल्यावर न्याय. तुम्ही लोकांना सांगताय की काहीही करा, पुढे बघता येईल."

"काही करा कोठे म्हननू, साहेब? शमुवेलपुढे उभं ऱ्हानं सोपं शे का?"

"पण वेळ संपल्यावर?"

नानांनी माझ्याकडे बोट केलं. "बाईस्ले इचारा. मना पोऱ्या दोन डाव नापास व्हयना. सरकारकडे ऑक्टोबर शे, आनी देवकडे नही का?"

एक जण फिसकन हसला. पाळकसाहेब हसले नाहीत. मीही नाही. मला त्या क्षणी नानांचा राग आला होता, कारण माझ्या वर्गातल्या मेलेल्या पोराचे मार्क त्यांनी त्याच्या खुन्यासाठी वापरले होते.

कबर उकरायची परवानगी मिळणं कठीण होतं, म्हणून तो विषय बारगळला. नानांना कामावरून काढायचं ठरलं. मीही त्या बाजूनं हात वर केला. शिवाय एक ठराव झाला, 'यशवंतनाना यांनी आपली राखीव जागा स्वतःच्या मर्जीने दुसऱ्यास दिली असल्याने त्यांना रांगेत दुसरी जागा मिळणार नाही.' त्या वाक्याची रचना माझी. तेव्हा मला ते अचूक वाटलं होतं.

नाना भांडले नाहीत. नवा माणूस पीटर कामाला लागला. तो खणत असला की नाना फाटकाबाहेर उभे राहून ओरडायचे, "पीटर, पाय कोठे शेत?" पीटर वैतागून म्हणायचा, "माझ्या गुडघ्याखाली आहेत, नाना!" मी फाटकातून ये-जा करायची तेव्हा नाना टोपी काढून "बरं शे ना बाई?" विचारायचे. दीड वर्ष विचारत होते. मी "बरं आहे" म्हणून पुढे जायची.

नाना गेले त्या दुपारी नकाशा बघताना ठराव माझ्यासमोरच होता. रांगेबाहेर उरलेली जागा एकच, पूर्वेच्या भिंतीलगतची पट्टी. लांबीला भरपूर, रुंदीला साडेचार फूट. तिथे कबर भिंतीच्या कडेनं, दक्षिणोत्तरच बसते. आत्महत्या केलेले, बेवारस, असे सहा जण तिथे तसेच आहेत. ते आडवे पडलेत हे मला इतकी वर्षं ठाऊक होतं आणि कधी खटकलं नव्हतं. मी फूटपट्टी तिरकी लावून पाहिली. तरी बसेना. माणसानं शेवटी एकच गोष्ट मागितली होती आणि ती मीच लिहिलेल्या एका वाक्यानं अशक्य झाली होती. गणितात चूक नव्हती. मी फूटपट्टी बाजूला ठेवली.

नानांचं खरं की पाळकसाहेबांचं, ते मला ठरवता येत नाही. शमुवेल उठला आणि शेजारी पाहिलं तर काय करेल, याचा विचार आला की आजही माझ्या अंगावर काटा येतो. पण नकाशात मला एक गोष्ट दिसली. भिंतीपलीकडे पांझरा नदीकडे उतरणारी दहा फूट जमीन मंडळीचीच होती. भिंत फक्त हद्दीच्या आत बांधली गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी गवंड्याला घेऊन गेले आणि भिंतीचा आठ फुटांचा तुकडा पाडायला लावला. कमिटीला विचारलं नाही. पीटरनं पूर्व-पश्चिम खणलं. खड्डा झाल्यावर तो टेप शोधायला लागला. मी म्हटलं, राहू दे, शिडी लाव. चपला काढल्या, पदर खोचला, खाली उतरले आणि उताणी झोपले. माती गार होती. डाव्या खांद्याला एक दगड टोचत होता.

पाळकसाहेब आले ते नेमके तेव्हा. खड्ड्यात डोकावून ते दोन पावलं मागे सरले. "बाई! काय झालं?"

"काही नाही," मी म्हणाले. "मोजतेय. पीटर, ती पहार दे खाली."