दसरूच्या पाखरांची मान

दसरू पाखरांची चित्रं काढतो हे कळल्यापासून इस्तारीच्या डोक्यात किडा वळवळत होता. दसरू आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आले, ब्रश धूळ खात पडले, आणि हा बाबा लागला तलावाच्या काठाने फिरायला. मासे धरायच्या जाळ्यात अडकून मेलेले पाणकावळे, पाणडुब्या ढिवर लोक काठावर फेकून देत. दसरू ते दुपट्ट्यात गुंडाळून घरी नेई, टाचण्यांनी पंख पसरून ठेवी आणि चित्र काढी. जुन्या काळचे पक्षी-चित्रकारही मेलेलं पाखरू समोर ठेवूनच काढत, पण हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. उडतं पाखरू थांबत नाही, एवढंच त्याला ठाऊक.

इस्तारी ढिवराला मात्र वेगळीच धास्ती. जाळ्यात पाखरं मरतात हे जंगल खात्याला कळलं तर तलावात जाळं टाकणंच बंद. मग पोराबाळांनी खायचं काय? आणि हा शहाणा तर पुरावाच रंगवून ठेवतोय! जंगलाच्या वेशीवरल्या मोहर्लीच्या एका रिसॉर्टची जीप दसरूच्या दारात थांबली, तेव्हा बातमी खात्याकडे चालली याची इस्तारीला खात्रीच पटली. साहेबाला भिंतीवर पाखरं काढून हवी होती म्हणे. म्हणे!

जीप हलताच इस्तारी घरात घुसला. चित्रं भिंतीला टेकून उभी होती. जाळ्याचा दोरा पाखराच्या मानेत रुततो, पिसं निघून वळ उठतो. तो वळच इस्तारी शोधत होता. पण एकाही चित्रात मान दिसेना. प्रत्येक पाखराच्या गळ्यापुढे गवताचा झुपका.

काम मिळालं का, असं त्याने आडून विचारलं.

"नाई. साहेब म्हणे, तुले मान काढता येत नाई."

"मंग खरं काऊन नाई सांगतलं त्याले?"

"काय सांगू, इस्तारीभाऊ? मानेवर तुमच्या जाळ्याचा वळ राह्यते. अन् खोटी मान मले काढवत नाई. म्हणून गवत."

इस्तारीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण संशय काय एका दिवसात जातो? दुसऱ्या सकाळी जाळ्यात पाणकावळा मेलेला निघाला, तो त्याने स्वतःच दसरूकडे नेला आणि तिथेच बसकण मारली. दसरूने चोच काढली, डोकं काढलं, धड काढलं. मग हिरवा रंग कालवला, गळ्यापुढे गवत काढलं.

तेव्हा कुठे इस्तारी उठला.